निवारण आणि शासन

गृहस्थधर्माचा विचार चालला असतां एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. मध्यरात्रीं घरांत चोर शिरला आणि कर्त्या पुरुषानें त्यास काठीनें ठार केलें, तर त्यांत पाप किती व अपराध किती? विचारणारे बहुधा दोन पक्षांचे असतात. एक पक्ष म्हणतो, अहिंसा हा परम धर्म असल्यामुळें हात उचलणेंच पाप होय. दुसरा म्हणतो, जो आपण होऊन घरांत शिरला त्याचें वाटेल तें करण्यास घरधनी मोकळा आहे. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष अर्धवट आहेत. आणि दुसरा हल्लीं सुशिक्षित घरांतूनही टाळ्या मिळवितो, म्हणून तो अधिक घातक आहे.

पहिल्या पक्षाला शास्त्राचा आधार नाहीं. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन लुटणारा, शेत हिरावणारा आणि स्त्रीचें हरण करणारा असे सहा आततायी आपल्या धर्मशास्त्रानें सांगितले आहेत. आततायी अंगावर चालून आला, तर तो गुरु असो, वृद्ध असो कीं विद्वान् ब्राह्मण असो, त्यास मारण्यास कचरूं नये, असें मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. घरांतील बायकामुलें संकटांत असतां जो शांतीचा जप करीत बसतो, त्यास अहिंसक म्हणतां येत नाहीं; तो आपल्या कर्तव्यास चुकला, एवढेंच म्हणतां येईल.

परंतु शास्त्र येथेंच थांबलें नाहीं. ज्या ग्रंथाच्या आधारें आमच्या एकत्र कुटुंबांच्या वांटण्या पिढ्यान् पिढ्या होत आल्या, त्या मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें ह्या वचनाचा बारकाईनें विचार केला आहे. त्याचा आशय असा कीं, गुरु-ब्राह्मणांचा उल्लेख अक्षरशः वधाची आज्ञा म्हणून घेऊं नये. अशा आततायीचें निवारण करावें, वधाचा हेतु मनांत धरूं नये. निवारण करितांना अनवधानानें मृत्यु घडला, तर प्रायश्चित्त हलकें आणि राजदंड नाहीं. निवारण हा ह्या विचाराचा प्राण आहे. संकट परतवणें हें गृहस्थाचें काम. अपराध्यास शासन करणें हें राजाचें काम.

हाच विवेक अलीकडच्या कायद्यांतही आढळतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत कलम ९६ ते १०६ मध्यें खाजगी संरक्षणाचा हक्क सांगितला होता. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तोच कलम ३४ ते ४४ मध्यें आहे. मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची अथवा ॲसिड-हल्ल्याची वाजवी धास्ती असेल, तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क पोंचतो. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं घर फोडणाऱ्याविरुद्धही तो तेथवर जाऊं शकतो. मात्र त्याला तीन कुंपणें आहेत. धोका असेल तोंवरच हक्क टिकतो. रक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करितां येत नाहीं. आणि सरकारी अधिकाऱ्यांचें साहाय्य घेण्यास अवसर असेल, तर हक्कच उरत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, अंधारांत काठी फिरविणाऱ्यानें तडाखे मोजीत बसावें काय? तसें कोणीच म्हणत नाहीं. भयभीत मनुष्याचें प्रत्येक कृत्य सोन्याच्या तराजूंत तोलूं नये, असें आमच्या वरिष्ठ न्यायालयांनीं वेळोवेळीं सांगितलें आहे. भयाच्या भरांत झालेला अतिरेक एक. भय ओसरल्यावर थंडपणें केलेली मारहाण निराळी.

ही दुसरी गोष्ट किती थरास जाते, हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा गांवीं मुलें पळविणारे समजून भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना जमावानें ठार केलें. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून मारण्यांत आलें. १६ एप्रिल २०२० रोजीं पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें दोन साधु व त्यांचा मोटारचालक अशाच संशयानें मारले गेले, आणि तेथें पोलीस हजर होते. दोन्ही ठिकाणीं अफवा खोटी होती, ही हळहळ सर्वांनीं केली. आम्ही आणखी एक विचारतों: अफवा खरी असती तर? कोंडलेला मनुष्य कोणाचें मूल पळविणार? पोलिसांच्या हातीं आलेला कोणावर चालून जाणार? धोका सरला होता, म्हणून संशय खरा असता तरीही तें आत्मरक्षण झालें नसतें.

आमच्या वाचकांपैकीं कोणी अशा जमावांत जाईल, असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु 'खांबाला बांधून चोराला चोपला' ही बातमी सकाळीं घरांत मोठ्यानें वाचली जाते, वडील माणसें 'बरें झालें' म्हणतात, आणि शेजारीं दूध पीत बसलेलीं मुलें तें ऐकतात. धर्माचे पाठ शाळेंत कमी आणि अशा वेळीं अधिक मिळतात.

म्हणून घरांतील तरुणांस दोन्ही गोष्टी शिकवाव्या. काठी हातीं धरावयास शिकवावी, घरच्या स्त्रियांसही शिकवावी, आणि संकटांत ती कचरतां वापरूं नये हें बजावावें. चोर पळाला तर पळूं द्यावा. सांपडला तर धरावा, जरूर तर बांधावा, ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावें, आणि ते येईपर्यंत त्याच्यावर हात टाकूं नये व कोणास टाकूं देऊं नये. त्यानें पाणी मागितलें तर द्यावें. हें शेवटचें काम पहिल्याहून कठीण आहे, कारण त्या वेळीं सारी आळी विरुद्ध असते. तें ज्या घरच्या मुलास साधेल, त्याचें शिक्षण पुरें झालें असें आम्ही समजूं.