सुईची तपासणी किती अचूक?

स्तनात किंवा गळ्यात गाठ लागली, की सुरुवातीच्या तपासण्यांत बहुधा सुईची तपासणी असते. तिला एफएनएसी म्हणतात. बारीक सुईने गाठीतील पेशी ओढून घेतात, काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टाके पडत नाहीत, रुग्ण लगेच घरी जातो, खर्चही कमी. तिची अचूकता सांगताना मात्र अनेकदा एकच टक्केवारी पुढे केली जाते. तेवढ्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

एक साधा हिशेब पाहू. समजा, स्तनात गाठ असलेल्या १०० स्त्रियांची तपासणी झाली आणि त्यांपैकी २० जणींना कर्करोग आहे. सुईच्या तपासणीने १७ जणींचा कर्करोग पकडला, तिघींचा सुटला. उरलेल्या ८० जणींना कर्करोग नाही, हे बरोबर सांगितले. १०० पैकी ९७ अहवाल बरोबर, म्हणजे अचूकता ९७ टक्के. पण कर्करोग असलेल्या २० जणींपैकी १७ जणीच सापडल्या. म्हणजे रोग पकडण्याची क्षमता ८५ टक्के. तिला संवेदनशीलता म्हणतात. एकूण टक्केवारीत त्या तिघी दिसतच नाहीत.

दुसरा प्रश्न अपुऱ्या नमुन्यांचा. सुईत नुसते रक्त आले किंवा पेशी फारच कमी आल्या, तर निदान करता येत नाही. असे नमुने हिशेबातून वगळले, की अचूकता आपोआप वाढलेली दिसते. थायरॉइडच्या गाठींसाठी जगभर बेथेस्डा पद्धत वापरतात. तिच्यानुसार किमान १० पेशींचा एक, असे निदान ६ पुंजके दिसले तर नमुना साधारणपणे पुरेसा मानतात. या पद्धतीच्या २०२३च्या आवृत्तीत ‘साधी गाठ’ असा अहवाल आल्यावरही कर्करोग निघण्याची शक्यता सरासरी ४ टक्के दिली आहे. ‘नमुना अपुरा’ असेल तर ती १३ टक्के आहे. अपुरा नमुना म्हणजे ‘काही निघाले नाही’ असे समजून घरी बसणे म्हणूनच चुकीचे.

तिसरा प्रश्न पडताळणीचा. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या गाठीची पूर्ण तपासणी होते आणि सुईचे निदान खरे की खोटे ते कळते. ‘साधी गाठ’ असा अहवाल मिळालेले रुग्ण मात्र घरी जातात. पुन्हा यायचे तर रोजगार बुडतो, एसटीचे भाडे पडते. अनेक जण परत येत नाहीत. त्यांच्यातील सुटलेले कर्करोग कुठल्याच नोंदीत येत नाहीत. अशा रुग्णांचा वर्षभर तरी फोनवरून पाठपुरावा केला आणि सुईचे अहवाल शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालांशी नियमित ताडून पाहिले, तरच विभागाला आपल्या कामाचा खरा अंदाज येतो.

रुग्णांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्तनाच्या गाठीत डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि सुईचा अहवाल या तिन्हींचा मेळ बसायला हवा. एक जरी वेगळे सांगत असेल, तर सुई पुन्हा घालावी किंवा जाड सुईने तुकडा काढून तपासावा. गाठ वाढत असेल, तर जुना ‘साधी गाठ’चा कागद घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.