विश्लेषण : तिजोरी वाचली, तरी ‘बॅकअप’ का जातो?

नागपूर : मंत्रालयाच्या २१ जून २०१२ च्या आगीत फायली खाक झाल्या आणि कागदपत्रांच्या डिजिटायझेशनची निकड पुढे आली. पण संगणकीय नोंदीही जळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील सरकारी डेटा सेंटरच्या आगीत ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची प्रत अन्यत्र नव्हतीच.

अग्निरोधक तिजोरी पुरेशी का नाही?
कागदपत्रांची तिजोरी आगीत आतील तापमान साधारण १७७ अंश सेल्सिअसच्या आत ठेवते. तेवढ्यात कागद टिकतो, टेप किंवा डिस्क नाही. संगणकीय माध्यमांच्या खास तिजोऱ्यांत ही मर्यादा ५२ ते ६६ अंश असते. नागपुरात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ अंशांवर जातो. त्यामुळे बंद मोटारीत डिस्क ठेवणेही धोक्याचे.

मग उपाय काय?
तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत, हा रूढ नियम. मात्र बाहेर नेलेली प्रत चोरीला जाऊ शकते. म्हणून ती एन्क्रिप्ट करावी, पासवर्ड वेगळा ठेवावा. अधूनमधून त्या प्रतीवरून माहिती परत मिळवून पाहावी. न तपासलेला बॅकअप ऐनवेळी दगा देऊ शकतो.