मानेवरचा तो मळ नव्हे

मूल गुटगुटीत असले की घर सुखावते. हडकुळे असले की सगळ्यांचे डोळे त्याच्या ताटाकडे लागतात. टंचाईच्या दिवसांत या समजुतीत शहाणपण होते. आज तीच समजूत दुखणे झाकते. अंगाने सुटलेल्या मुलाच्या मानेमागची, काखेतली कातडी काळपट आणि जाडसर होते. आई मळ समजून ती घासत राहते. पण अनेकदा ती शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची खूण असते. स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन तयार करत राहते, यकृतात चरबी साचते, रक्तदाब चढू लागतो. आणि यातले काहीच दुखत नसल्याने कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. लहानपणचा लठ्ठपणा हा दिसण्याचा किंवा चिडवण्याचा विषय नाही, तो चयापचयाचा बिघाड आहे. तो वेळीच हुडकण्याचे काम शाळेतल्या आरोग्य तपासणीकडेच सोपवायला हवे.

नुसता वजनकाटा त्यासाठी पुरणार नाही. २०१६ ते २०१८ या काळातल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांची सुमारे ४ टक्के मुले जास्त वजनाची आढळली. पण त्याच वयोगटातल्या सुमारे १० टक्के मुलांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती आणि साधारण एक तृतीयांश मुलांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. याचा एक धागा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सापडतो. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे स्नायूंनी किरकोळ होती, पण कातडीखालची चरबी त्यांनी बरीच राखली होती. अशा शरीरावर पुढे बैठा दिनक्रम आणि बिस्किटे, वेफर्स, गोड पेये यांचा मारा झाला, तर थोडे वाढलेले वजनही महागात पडते.

यावर कोणी म्हणेल, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली असताना लठ्ठपणाची चिंता कशाला? पण कुपोषण आणि लठ्ठपणा हे एकमेकांचे वैरी नाहीत, सख्खे भाऊ आहेत. गर्भात उपासमार सोसलेले शरीरच पुढे चरबीला लवकर बळी पडते. त्यामुळे गरोदर मातेच्या ताटावर झालेला खर्च दोन्ही आघाड्यांवर कामी येतो. दुसरा आक्षेप आईवडिलांच्या जबाबदारीचा. ती आहेच, पण शाळेच्या फाटकाशी जे लटकते त्यावर त्यांचा ताबा नसतो. फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट, अतितेलकट पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० मध्येच झाला आहे. तो कागदावरून रस्त्यावर यायला हवा. तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे: तपासणीमुळे मुले वर्गात हिणवली जातील. म्हणूनच ती आडोशाला व्हावी आणि निष्कर्ष फक्त पालकांच्या हाती पडावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांत जातात. त्यांच्या तपासणीत कंबरेचा घेर, रक्तदाब आणि मानेवरची नजर यांची भर पडावी, खासगी शाळांनाही ती लागू व्हावी, आणि ज्या मुलांत खुणा दिसतील त्यांचीच रक्ततपासणी व्हावी. घेर मोजायला यंत्रही लागत नाही. मुलाच्या उंचीएवढी दोरी अर्ध्यात दुमडावी. ती कंबरेभोवती पुरली नाही, तर डॉक्टरांना गाठावे. वाढत्या वयात खाणे आणि खेळणे सुधारले, तर यकृतातली चरबी उतरू शकते, इन्सुलिनही पुन्हा कामाला लागते. तिशीत गोळ्यांची पाकिटे देण्यापेक्षा आठव्या वर्षी मैदान आणि सकस डबा देणे सरकारलाही स्वस्त पडेल, आणि मुलालाही.