उपसा नसलेली विहीर

आपल्या नगर जिल्ह्यातील, आता अहिल्यानगर म्हणावयाचे त्या जिल्ह्यातील, शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. ज्या विहिरीचा उपसा थांबतो तिचे झरे गाळाने बुजतात, पाण्यावर शेवाळ धरते आणि अखेर त्या पाण्याला जनावरही तोंड लावीत नाही. उपसा सुरू झाला की झरे पुन्हा मोकळे होतात. श्रद्धेचेही असेच आहे. तरीही आपल्या धर्मग्रामांतून नेमका उलटा सिद्धांत ऐकू येतो : "आधी आपण सुधारू, आपली घरे सावरू, मग शुभवर्तमान इतरांना सांगण्याचे पाहू." हा विचार नम्रतेचा वेष घेऊन येतो, म्हणूनच तो अधिक घातक आहे.

शोमरोनी स्त्रीने असा विचार केला असता तर? तिचा संसार पाच वेळा विस्कटलेला होता आणि गावात तिला मान नव्हता. तरी विहिरीवर प्रभूची भेट होताच ती घागर तिथेच टाकून गावाकडे धावली. ती आधी सुधारली आणि मग सांगू लागली, असे झाले नाही. सांगता सांगताच तिचे जीवन नवे झाले.

"पण हे काम फादर-सिस्टरांचे," असे कोणी म्हणेल. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवणारा माणूस त्यांचा सहप्रवासी होता. त्याने सभा भरवली नाही की वाद घातला नाही; आपुलकीने बोलून त्याने पुस्तक दिले. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगर ही त्यांची कर्मभूमी झाली. लक्ष्मीबाईंनी मात्र स्वतःच्या मनाने निर्णय घेतला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये, राहुरीस. टिळक पती-पत्नी प्रॉटेस्टंट पंथाचे होते, एवढ्यावरून त्यांच्या उदाहरणाकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही. शुभवर्तमान प्रेमाने द्यावे आणि धीराने वाट पाहावी, हा धडा साऱ्या ख्रिस्तसभेचा आहे.

आपल्या कॅथलिक परंपरेतही हा उपसा होताच. राहुरी तालुक्यातील केंदळसारख्या खेड्यातून येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये मासिक सुरू केले आणि त्याला नाव दिले 'निरोप्या'. निरोप्या म्हणजे निरोप पोहोचवणारा. गावोगाव पायी फिरून प्रार्थना शिकवणारे आपले मास्तर हेही निरोपेच होते. त्यांची नातवंडे आज शिकली-सवरली, नोकरीधंद्याला लागली. मग निरोप कोणी नेईनासा का झाला?

दर सप्टेंबरात हरेगावी मतमाउलीच्या यात्रेस हजारो भाविक येतात. त्यांत अन्यधर्मीयही श्रद्धेने रांगेत उभे असतात. लोक आपण होऊन आपल्या दारी येतात. त्यांच्यापैकी एखाद्या आजीबाईच्या शेजारी बसून, ही माउली कोणाची आई आणि तिच्या पुत्राने काय केले, हे साध्या शब्दांत सांगणारे आपल्यापैकी किती? आपण मेणबत्ती लावतो, नवस फेडतो आणि परतीची गाडी पकडतो.

काळ कठीण आहे, लोक संशय घेतात, हे खरे आहे. परंतु भारतीय संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात श्रद्धेच्या आचरणाबरोबर तिच्या प्रचाराचाही हक्क आहे. त्या हक्काचा अर्थ आमिष दाखवणे, दुसऱ्याच्या देवाची निंदा करणे किंवा डोकी मोजणे असा नव्हे. तसे करणाऱ्याने शुभवर्तमानाचा अपमानच केला आहे. मात्र खरे बोलायचे, तर आपले मौन भीतीपेक्षा जुने आहे. सांगावे असे आपल्याजवळ काही उरलेले नाही, ही त्यामागची खरी धास्ती आहे.

आणि ही धास्ती निराधार नाही. वेदीपुढे आपण एकाच भाकरीचे वाटेकरी होतो, पण सोयरीक जुळवताना हळूच विचारतो, "तुम्ही मूळचे कोण?" बाप्तिस्म्याच्या पाण्याने जी जात धुतली जात नाही, ती आपल्या साक्षीला खोटे पाडते. शेजाऱ्याला 'देवापाशी सर्व लेकरे सारखी' हे सांगण्याचे धैर्य ज्याने केले, त्याला घरी परतल्यावर हा प्रश्न विचारताना लाज वाटेल. ती लाज हेच नवजीवनाचे पहिले लक्षण होय. म्हणून सांगणे आधी. सुधारणा त्याच्या पाठोपाठ येतेच.

या जिल्ह्याने 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हा मंत्र दुष्काळातून शिकून घेतला. दर रविवारी मिस्सेत आपल्यावर वचनाचा पाऊस पडतो आणि मंदिराच्या पायऱ्यांवरूनच वाहून जातो. तो घरी अडवू या. रोज रात्री जपमाळेनंतर शुभवर्तमानातील एक उतारा मुलांकडून मोठ्याने वाचून घेऊ या. आठवड्यातून एकदा, मिस्सेला येणे सोडून दिलेल्या एखाद्या घरी जाऊ या. आणि शेजाऱ्याने "तुम्ही कशावर विश्वास ठेवता?" असे विचारले, तर फादरांकडे बोट न दाखवता स्वतः उत्तर देऊ या.

दोर आणि घागर आपल्या हाती आहे. ती विहिरीत सोडायची की काठावर बसून झरे आटल्याची तक्रार करायची, हे प्रत्येक कुटुंबाने आजच ठरवावे.