होम प्लेटची वाट आणि पंचाचा निवाडा

बेसबॉल हा अमेरिकेचा आवडता खेळ होय. त्यांत धावणारा गडी तीन ठाणीं ओलांडून 'होम प्लेट' या अखेरच्या ठाण्यास पोंचला म्हणजे एक धाव पदरीं पडते. तेथें चेंडू घेऊन व तो त्याच्या अंगास लावून त्यास बाद करण्यासाठीं 'कॅचर' उभा असतो. चेंडू व धावणारा एकाच क्षणीं आले तर काय करावें? पुष्कळ वर्षें रीत अशी होती कीं, कॅचरनें वाट अडवावी आणि धावणाऱ्यानें त्यास धडक देऊन चेंडू पाडावा. लोक यासच मर्दुमकी म्हणत.

या मर्दुमकीचें मोल जबर पडलें. १९७० सालीं सिनसिनाटी येथील ऑल-स्टार सामन्यांत पीट रोज याच्या धडकेनें रे फॉसी याचा खांदा जायबंदी झाला. २०११ च्या मे महिन्यांत सॅन फ्रॅन्सिस्कोचा तरुण कॅचर बस्टर पोझी याच्या पायाचें हाड मोडलें व त्याचा उरलेला हंगाम वायां गेला. अखेर २०१४ सालीं मेजर लीगनें नियम केला. धावणाऱ्यानें सरळ वाट सोडून कॅचरवर चालून जाऊं नये. गेल्यास, चेंडू कॅचरच्या हातून सुटला तरी धावणारा बादच. उलट, हातीं चेंडू नसतां कॅचरनें वाट अडवूं नये. अडविल्यास धावणारा सुरक्षित. मात्र येणारा चेंडू घेण्यासाठींच वाटेंत यावें लागल्यास तो दोष नव्हे.

यामुळें खेळ मिळमिळीत होतो व पंचाच्या हातीं फार सत्ता जाते, असा आक्षेप घेण्यांत येतो. आम्हांस तो पटत नाहीं. पंचास कोणाच्या मनांत शिरावयाचें नसतें. गड्यानें खांदा खालीं घातला काय, हातांनीं ढकललें काय, प्लेटला स्पर्श करण्याचा यत्न केला काय, हें डोळ्यांना दिसतें. शंका असल्यास टिपलेलीं चित्रें पुन्हां पाहण्याचीही सोय आहे. कॅचर चेंडूसाठींच वाटेंत आला कीं नाहीं, याविषयीं वाद होतात, हें खरें. परंतु निर्णयावरील वाद दुसऱ्या दिवशीं मिटतो. मोडलेलें हाड महिनेन् महिने घरीं बसविते.

शिवाय हा नियम दोघांसही सारखाच बांधतो, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं ध्यानांत घ्यावें. एकास वाट मिळते, दुसऱ्यास चेंडू घेण्याची मोकळीक. पायांची चपळाई व हातांची नेमकी पकड यांस पूर्वीइतकाच वाव उरतो. ज्या नियमानें दोन्ही गडी उद्यां पुन्हां मैदानावर येऊं शकतात, तो राखणाऱ्या पंचास आम्ही खेळाचा हितकर्ताच समजतों.