पाकिटावर नाव घाला

श्रावण जवळ आला की शाळाशाळांतून पुठ्ठे, रंगीत खडू आणि डिंकाच्या बाटल्या बाहेर निघतात. सीमेवरच्या जवानांसाठी मुले राख्या करतात, शुभेच्छापत्रे रंगवतात. गुरुजी गठ्ठे बांधतात. गठ्ठ्यावर हात ठेवून फोटो काढून घ्यायला कोणी पुढारीही वेळात वेळ काढून येतो.

उपक्रम चांगला आहे, त्यात खोट काढण्याचा आमचा हेतू नाही. पण असाच एक गठ्ठा आम्ही एका खेड्यातल्या शाळेत उघडून पाहिला. सगळ्या पत्रांवर एकच वाक्य होते, फळ्यावरून उतरवून घेतलेले. सगळ्यांवर मायना एकच, 'प्रिय जवान'. त्याच वर्गात तीन पोरे अशी होती की ज्यांचा बाप, चुलता किंवा मामा पलटणीत आहे. त्यांना पत्ता कोणी विचारला नव्हता. गठ्ठा मात्र 'देशाच्या जवानांना' निघाला होता.

आपल्या मुलखात पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी शिळा बसवल्या. चावडीच्या नाही तर शाळेच्या भिंतीत त्या अजून दिसतात. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, 1915-16 साली कुटच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. गावाच्या वाट्याला आला तो आकडा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचा आकडा 46 सांगतात. त्या गावाला लोक आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. साहेबाला नावांशी कर्तव्य नव्हते, हे समजू शकते. पण आपल्याच पोराला आपणही 'प्रिय जवान' एवढेच म्हणायचे?

त्या युद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी भाषांतर करून ठेवली. ती लंडनमध्ये जपलेली आहेत. तोफांच्या माऱ्यात बसलेला तो शिपाई घरी विचारतो काय? पाऊस झाला का, पीक कसे आहे, जनावरांचे कसे चालले आहे, जमिनीच्या भांडणाचे काय झाले. सैन्यात जातो तो बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्याचाच पोरगा. दोन एकरांत दोन भावांचे भागत नाही म्हणून एकजण भरतीच्या मैदानावर धावतो. त्याचे शौर्य खरेच. पण घरची नडही तितकीच खरी आहे. 2022 च्या अग्निवीर योजनेने तर चार वर्षांनी शंभरातल्या फार तर पंचवीस जणांना कायम ठेवायचे ठरवले. बाकीच्यांना पुन्हा नोकरी नाही तर तीच दोन एकर.

म्हणून मुलांना सांगावे, फळ्यावरचे वाक्य लिहू नका. विहिरीला पाणी किती आले ते लिहा, सोयाबीन कुठवर आले, कोणाची गाय व्याली, शाळेचे पत्रे उडाले ते लिहा. चित्र वेडेवाकडे चालेल. दादा म्हणा, काका म्हणा, जे नाते असेल ते घाला. पाकिटावर नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि घरच्यांनी सांगितला असेल त्याप्रमाणे 56 किंवा 99 एपीओ, एवढ्यावर सैन्याचे टपालखाते पत्र पोचवते. चौकीचे किंवा ठिकाणाचे नाव त्यात नसते, आणि ते लिहूही नये.

आता मोठ्या माणसांचे. पोरगा सीमेवर, म्हातारा थकलेला, सून एकटी. अशा घराचा बांध कोण कोरतो? कोणी परका येत नाही. शेजारचा शेतकरी कोरतो, कधी सख्खा चुलतभाऊ कोरतो. दर पेरणीला एक तास, दोन तास. सून बोलली तर तिला विचारायचे, तुझा नवरा कुठे आहे? वाटणीच्या दाव्यात तारीख लावून घ्यायची ती तो येऊ शकणार नाही हे पाहून. आणि हाच माणूस पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली जय जवानची आरोळी देतो, त्याचे पोर शाळेत पुठ्ठ्यावर तिरंगा रंगवते. शास्त्रीजींनी 1965 साली जवान आणि किसान एका घोषणेत बसवले. किसानाने जवानाचा बांध कोरावा अशी त्यांची कल्पना नसावी!

सैनिकांच्या दाव्यांसाठी 1925 सालचा एक कायदा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. युद्धावर किंवा तशाच खास परिस्थितीत नेमलेला सैनिक दाव्यात हजर राहू शकत नसेल, तर जिल्हाधिकारी तसे न्यायालयाला कळवू शकतात आणि मग न्यायालयाने काम तहकूब ठेवायचे असते. दिवाणी आणि महसुली, दोन्ही न्यायालये त्यात येतात. शेतीचे निम्मे तंटे मामलेदारासमोर चालतात, तेव्हा हे महत्त्वाचे. सुनेने एकटीने अर्ज घेऊन तालुक्याला खेटे घालण्यापेक्षा गावातले चार जण तिच्याबरोबर गेले तर कारकून निदान मान वर करून बघतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही तिची तक्रार नोंदवून घ्यावी.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावातले किती जण सैन्यात आहेत, कोणत्या घरचे, आणि त्या घराचा शेताचा, बांधाचा, फेरफाराचा काही तंटा आहे का. तंटा आपल्याच कार्यकर्त्याशी असेल तर तेही लिहावे, लपवू नये. तो बैठकीत बसूनच मिटवू. पलटणीचे पत्ते या कागदावर नकोत. मुलांची पत्रे त्या त्या घरी नेऊन द्यावीत, पत्ता घरच्यांनी घालावा, आणि नारळी पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी ती पेटीत पडलेली असावीत.