शिडी कुणाच्या मापाची?



या अंकाचं संपादकीय माशावर आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, मग हसा.

लिंबागणेश आमचं गाव. बालाघाटाच्या माथ्यावर. इथल्या डोंगरातून एका अंगाला बिंदुसरा उतरते, दुसऱ्या अंगाला मांजरा. दोघी शेवटी गोदावरीलाच मिळतात. मिरगाचा पहिला पूर आला की वढ्याला मासा चढायचा. पोटात अंडी घेऊन, पाण्याच्या उलटा. चढणीचा मासा. आमच्या वस्तीत चार दिवस कोरड्यास व्हायचं. आता आजी म्हणते, "मासा वर येतच नाय रं. खाली भिंत घातलीय ना." आजी शाळेत गेली नाय. पण भल्याभल्या इंजिनियरांना जे कळलं नाही ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

मी बीडचा. मायबाप दरसाल ऊस तोडायला जातात, मी मॅट्रिक होऊन मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. दुष्काळ काय असतो ते मला कुणी शिकवू नये. म्हणून धरणं फोडा असली पुस्तकी आरोळी मी ठोकणार नाय. मी एवढंच विचारतो: पैठणला जायकवाडीची भिंत घातली, १९६५ ला पाया, १९७६ ला उद्घाटन, दहा किलोमीटरच्या आसपास लांबी, २७ दरवाजे. कालव्याला वाट ठेवली, विजेला वाट ठेवली. माशाला का नाही ठेवली?

साहेब लोक म्हणतील, माशाला वाट देता येते, शास्त्र आहे. खरं आहे. भिंतीच्या कडेनं पाण्याच्या पायऱ्या करतात, मासा एकेका डबक्यातून उडी मारत चढतो. ती शिडी. दुसरा प्रकार लॉकचा. आमच्या इंदिरा डॉकला लॉकगेट आहे: बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाण्याची पातळी सारखी करायची, पुढचं दार उघडायचं. माशाचं लॉक तसंच. मी बोटी अशा आत येताना रोज बघतो. पण बोटीला पायलट असतो, मित्रांनो. माशाला दार कुठंय हे कोण सांगणार? सगळ्या भिंतीवरून पाणी गर्जत असताना कोपऱ्यातल्या बारक्या धारेकडे तो वळणार कसा? शिडीचं पहिलं अपयश इथंच आहे, तोंडाशी.

अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनव्हिल धरणाला १९३८ पासून शिड्या आहेत. तिथं खिडकीशी माणूस बसवून चढणारा सामन मासा मोजतात. पण त्याच नदीवर वर ग्रँड कूली धरण बांधलं, त्याला शिडीच नाही. १९४० च्या जूनमध्ये तिथल्या आदिवासी जमाती केटल धबधब्यावर जमल्या आणि बुडणाऱ्या आपल्या मासेमारीच्या जागेसाठी रडल्या. शिडी कुठं लावायची आणि कुठं नाही, हे रडणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता आकडे घ्या. २०१२ साली जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज झाली. वर चढणाऱ्यांपैकी सरासरी ४२ टक्के मासे वाटेतून पार होतात. पण सामनच्या जातकुळीचे ६२ टक्के आणि बाकीचे फक्त २२ टक्के! कारण उघड आहे. बऱ्याचशा शिड्या सामनच्या उडीच्या मापानं बांधल्या. जो तसा उडत नाही, तळाशी सरपटतो, तो नालायक ठरला. माप एकाचं, परीक्षा सगळ्यांची. ही गोष्ट आपल्याला नवी आहे का?

आणि धरण काय एकच असतं? २२ टक्क्यांचाच हिशोब धरा. पहिल्या भिंतीला शंभरातले २२ उरले, दुसरीला ५, तिसरीला १. गोदावरीवर समुद्रापासून पैठणपर्यंत भिंती किती? धवळेश्वरम, मेडिगड्डा, श्रीरामसागर, बाभळी, विष्णुपुरी... आणि ही काही पुरी यादी नव्हे.

वर पोचला तरी सुटला असं नाय. ब्राझीलमधल्या अभ्यासकांनी दाखवलं की शिडीनं चढलेला मासा पुष्कळदा सापळ्यात जातो. वर साचलेलं पाणी, अंडी-पिलं वाहून न्यायला धार नाही, परत यायला वाट नाही. गंगेवर फरक्क्याला माशाचं लॉक बांधलेलं होतं. तरी १९७५ ला बांध सुरू झाला आणि अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा खालीच अडला. कागदावर वाट होती. नदीत नव्हती.

मग करायचं काय? बाभळीकडे बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं त्या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर वर उचललेले ठेवावे लागतात. भांडण दोन राज्यांच्या पाण्याचं, माशाचं नाव कुणी घेतलं नाही. पण ऐन चढणीच्या दिवसांत दार उघडं! कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गेही पावसाळ्याआधी काढायचेच असतात. ते वेळेवर काढले तर शिडी नको, परदेशी तज्ज्ञ नको, टेंडर नको.

तेव्हा या मिरगात एवढं करा. गावाला जाल तेव्हा बंधाऱ्यावर जा. बर्गे निघाले का बघा. नसतील तर पाटबंधारे खात्याला लेखी विचारा, पोच घ्या. भोई वस्तीत बसा, कोणता मासा कधी चढायचा ते लिहून काढा. नवीन भिंतीची आखणी निघेल तेव्हा विचारा, इथल्या माशाची वाट कुठंय? सामनची नको, मरळ-वामची दाखवा.

१९२० साली मूकनायकच्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी या समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. शंभर वर्षं उलटली. आता शिडी लावली म्हणून सांगतात. आपण शिडीचा फोटो बघायचा नाय. शंभरातले किती चढले, ते मोजायचं.